ओटीपी सांगायचा नाही हे कळलं, पुढचं सांगा

मागच्या अंकात पासवर्डवर लिहिलं होतं, एकच पासवर्ड सगळीकडे वापरू नका वगैरे, आणि शेवटी जाता जाता "टू-फॅक्टर पण चालू करून टाका" (म्हणजे पासवर्डच्या जोडीला दुसरा पुरावाही मागू द्या) असं एक वाक्य टाकून मोकळा झालो होतो. ते वाक्य चांगलंच अंगाशी आलं. महिनाभर प्रश्नच प्रश्न. त्यातले सगळ्यांच्या कामाचे निवडलेत, नावं काढलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न – माझा पासवर्ड चौदा अक्षरी आहे, आकडे-चिन्हं सगळं आहे, कुणालाही सांगितलेला नाही. मग परत ते कोडचं झंझट कशाला? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

बाई, पासवर्ड झकास आहे, पण तो एकट्या तुमच्याकडे नाहीये ना. ज्या वेबसाइटवर तो टाकलात तिच्याकडेही तो कुठल्या ना कुठल्या रूपात आहे, कुणी नीट कुटून ओळखू येणार नाही असा ठेवतं आणि कुणी निष्काळजीपणे जसाच्या तसा. त्यांच्याकडे चोरी झाली की तुमची काही चूक नसताना पासवर्ड बाजारात, आणि मग चोर तो हाताने टाकत बसत नाही, त्याचा प्रोग्रॅम तोच ईमेल आणि तोच पासवर्ड शंभर ठिकाणी लावून बघतो, कुठे उघडतंय का. तिथे चौदा अक्षरं असली काय नि चाळीस असली काय.

टू-फॅक्टर म्हणजे दोन वेगळ्या जातीचे पुरावे. एक तुम्हाला माहीत असलेली गोष्ट, दुसरी तुमच्या हातात असलेली वस्तू, किंवा मग तुमचं बोट नाहीतर चेहरा. हे तुम्ही वर्षानुवर्षं करताय, एटीएममध्ये कार्ड घालायचं आणि पिन दाबायचा, नुसतं कार्ड सापडलं तर चोराला उपयोग नाही आणि नुसता पिन कळला तरी नाही. जात वेगळी पाहिजे हे मात्र महत्त्वाचं. पासवर्ड आणि वर "तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय" हे दोन्ही माहितीचेच प्रकार झाले, त्याला टू-फॅक्टर म्हणत नाहीत, आणि तुमची पहिली शाळा कुठली हे तर तुमच्या अर्ध्या विद्यार्थ्यांना माहीत असेल.

फरक किती पडतो त्याचे आकडे आहेत. गुगलने २०१९ मध्ये दोन अमेरिकन विद्यापीठांच्या संशोधकांना बरोबर घेऊन मोजलं होतं. नंबरवर येणाऱ्या साध्या एसएमएस कोडने आपोआप चालणारे प्रोग्रॅम १०० टक्के अडले, सरसकट पाठवलेल्या फसव्या मेलचे हल्ले ९६ टक्के आणि एकाच माणसाला धरून केलेले ७६ टक्के. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

आणि झंझट म्हणाल तर रोज रोज कोड टाकावा लागत नाही हो, आपल्या घरच्या फोनवर एकदा टाकून "या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका" केलं की संपलं, नव्या जागेवरून कुणी शिरायला लागलं की मगच विचारणार. सुरुवात ईमेलपासून करा, बँकेच्याही आधी. कारण बाकी कुठलाही पासवर्ड विसरलात की नवा करायची लिंक येते ती ईमेलवरच. ईमेल गेलं की चावीवालाच चोराला सामील झाला असं समजा.

प्रश्न – सोसायटीच्या ग्रुपमधल्या एका काकूंच्या नंबरवरून मेसेज आला, "चुकून माझा सहा आकडी कोड तुझ्याकडे आलाय, पाठव ना." मी पाठवला. दोन मिनिटांत माझं व्हॉट्सअ‍ॅप बंद आणि माझ्या नावाने सगळ्यांकडे पैसे मागणं सुरू. ओटीपी होता ना, मग टू-फॅक्टरने वाचवलं का नाही? (डोंबिवली)

कारण टू-फॅक्टर नव्हतंच. हा घोळ इतक्या जणांचा होतो की जरा सविस्तर सांगतो.

व्हॉट्सअ‍ॅपला पासवर्ड नसतो. नवीन फोनवर नंबर टाकला की त्या नंबरवर सहा आकडी कोड येतो, तो टाकला की खातं तिकडे. म्हणजे तो एसएमएस हेच पहिलं आणि एकमेव कुलूप. ओटीपी आला म्हणजे टू-फॅक्टर झालं असं आपल्या डोक्यात बँकांमुळे बसलंय, पण ओटीपी दुसरा फॅक्टर तेव्हाच, जेव्हा त्याच्या आधी पहिला काहीतरी असतो. तुमच्या केसमध्ये चोराने स्वतःच्या फोनवर तुमचा नंबर टाकला, कोड तुमच्याकडे आला, आणि काकूंचं खातं आधीच त्याच्या हातात असल्यामुळे त्याने तो काकूंच्या तोंडून मागितला. काकू बिचाऱ्या त्यांच्या घरी तुमच्यासारख्याच डोक्याला हात लावून बसलेल्या असणार.

दुसरं कुलूप आपण स्वतः लावायचं असतं. सेटिंग्ज, मग अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, तिथे तुमच्या मनाचा सहा आकडी पिन ठेवायचा आणि खाली ईमेलही द्यायचा, तो टाळू नका, पिन विसरलात तर तोच सोडवतो. हा पिन एसएमएसने येत नाही, तुमच्या डोक्यात असतो, मधूनमधून व्हॉट्सअ‍ॅप तो विचारत राहतं म्हणून लोक वैतागतात, पण विसरू नये म्हणूनच विचारतं ते. १२३४५६ आणि स्वतःची जन्मतारीख सोडून काहीही ठेवा.

आता गेलेलं परत कसं आणायचं. व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा इन्स्टॉल करून आपलाच नंबर टाका, कोड तुमच्याच सिमवर येणार, तो टाकला की चोर तिथल्या तिथे बाहेर. काही वेळा त्याने मधल्या वेळात स्वतःचा टू-स्टेप पिन लावून ठेवलेला असतो, मग तुम्हाला पिन विचारला जातो आणि माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. यात लोक घाबरतात की सात दिवस तो आपल्या नावाने भीक मागत फिरणार. नाही फिरणार, तुम्ही एसएमएसचा कोड टाकलात त्याच क्षणी तो बाहेर पडलाय, सात दिवस तुम्हालाही थांबावं लागतं एवढंच. परत आत आलात की आधी लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघा, ओळखीचं नाही ते सगळं लॉगआउट. कुणी पैसे पाठवून बसलं असेल तर त्याला ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायला सांगा, किती वेळात कळवलं यावर पैसे अडतात की जातात ते ठरतं.

याचाच एक चुलत भाऊ आहे. कुरियरवाला म्हणून फोन येतो, पत्ता सापडत नाहीये, "स्टार ४०१ स्टार लावून हा नंबर दाबा, डिलिव्हरी बॉय जोडला जाईल." दाबलं की तुमचे कॉल त्याच्या नंबरवर वळतात, मग तो कोड एसएमएसऐवजी फोन करून ऐकवा असा पर्याय निवडतो आणि आरामात ऐकतो. यात तुम्ही कुणाला काही सांगितलेलंच नसतं! सरकारने मोबाईल कंपन्यांना एप्रिल २०२४ पासून हे असं कोड दाबून कॉल वळवणं बंद करायला सांगितलं, तरी शंका आलीच तर ##००२# लावा, वळवलेलं सगळं रद्द होतं.

प्रश्न – काय राव, ऑथेंटिकेटर अ‍ॅपला नेट नसताना, सिम नसतानाही कोड कुठनं येतो? मी एअरप्लेन मोडवर टाकून बघितलं, तरी आकडे बदलतच होते. तो जर कुठनं येतच नाही तर समोरच्या वेबसाइटला बरोबर आहे हे कळतं कसं? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सातारा)

एअरप्लेन मोडवर टाकून बघितलंस यातच पन्नास मार्क दिले. ऑथेंटिकेटर म्हणजे एसएमएसऐवजी फोनवरच लॉगिनचा कोड दाखवणारं अ‍ॅप, आणि त्यातला कोड कुठूनही येत नाही, तिथेच तयार होतो.

असं बघ, तुझ्या घरी यंदाचं पंचांग आहे आणि लातूरला मामाच्या घरी तेच पंचांग आहे. आज कुठली तिथी हे तू मामाला फोन न करता सांगतोस, मामाही सांगतो, दोघांचं उत्तर एकच. पुस्तक तेच आणि तारीख तीच, मग बोलायची गरज काय. इथेही तेच आहे, फक्त हे पंचांग जगात दोघांकडेच असतं. सुरुवातीला तू वेबसाइटवरचा जो क्यूआर कोड स्कॅन करतोस ना, त्यात एक लांबलचक गुप्त किल्ली असते, तीच ते पंचांग. एक प्रत तुझ्या फोनमध्ये, एक त्यांच्या सर्व्हरवर. आणि तारखेच्या जागी घड्याळ. १ जानेवारी १९७० पासून (जीएमटी धरून) आत्तापर्यंत किती सेकंद झाले ते घ्यायचे, ३० ने भागायचे, जो पूर्णांक येईल तो आणि किल्ली मिळून एका गणिती घाण्यातून काढायचे, त्यातून सहा आकडे गाळून घ्यायचे. फोन इकडे काढतो, सर्व्हर तिकडे काढतो, जुळलं की आत. घाण्यातून उलटं जाता येत नाही, सहा आकडे बघून किल्ली ओळखता येत नाही, सगळी गंमत त्यात आहे. ही पद्धत २०११ साली स्टँडर्ड म्हणून छापली गेली, टीओटीपी म्हणतात तिला, त्यामुळे कुठल्याही कंपनीचं अ‍ॅप कुठल्याही वेबसाइटला चालतं.

दर तीस सेकंदांनी आकडे बदलतात ते यामुळे. शेजारचं ते छोटं गोल संपत येतं, आकडे लाल होतात, आणि आपण घाईघाईत टाकताना नेमका शेवटचा आकडा चुकतो. घाई करू नकोस, बहुतेक ठिकाणी नुकताच गेलेला कोडही थोडा वेळ चालवून घेतात. कोड बरोबर असून चालतच नसेल तर फोनचं घड्याळ बघ, बऱ्याचदा कुणीतरी गेमसाठी वेळ पुढे केलेली असते. वेळ ऑटोमॅटिक ठेव.

आणि तो क्यूआर कोड स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवू नकोस, ते पंचांगाची झेरॉक्स वाटण्यासारखं आहे.

प्रश्न – दुकानात बसलो असताना मोबाईलची रेंज गेली, शेजाऱ्याची होती. दुपारपर्यंत वाट बघितली. हेच ते सिम स्वॅप का? आणि एसएमएस एवढा कच्चा असेल तर बँका ओटीपी एसएमएसनेच का पाठवतात? (नाशिक)

असूही शकतं, नसूही शकतं, पण दुपारपर्यंत वाट बघायची नाही. भर शहरात, त्याच कंपनीचं शेजाऱ्याचं सिम चालू आणि तुमचं "नो सर्व्हिस" असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून लगेच कंपनीला विचारा की माझ्या नंबरचं नवं सिम निघालंय का. चोर खोटी कागदपत्रं दाखवून किंवा दुकानातल्या कुणाला तरी हाताशी धरून तुमच्या नंबरचं नवं सिम काढतो, तुमचं सिम मरतं आणि सगळे कोड त्याच्याकडे. ट्विटरचा संस्थापक जॅक डॉर्सी, ऑगस्ट २०१९ मध्ये त्याचाच नंबर चोरांनी असा उचलला आणि त्याच्याच ट्विटर खात्यावरून एसएमएसने वाट्टेल ते ट्वीट टाकले. वरचे ते ७६ टक्के आठवा, एकाच माणसाच्या मागे हात धुऊन लागलेल्यांचा आकडा, उरलेल्या २४ टक्क्यांची वाट अशाच ठिकाणांहून जाते.

आपल्याकडे त्यावर थोडी मलमपट्टी झालीय. नवं सिम निघालं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवतात, आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. म्हणजे तुम्हाला एक दिवस मिळतो, तो दुकानात गिऱ्हाईक बघण्यात घालवू नका.

पण खरं सांगू का, आपल्या गावांत सिम स्वॅपपेक्षा जास्त चाललंय ते लग्नपत्रिकेचं. व्हॉट्सअ‍ॅपवर "आमंत्रण" नावाची फाइल येते, शेवटी एपीके असतं (म्हणजे ती अ‍ॅप इन्स्टॉल करायची फाइल), नाहीतर आरटीओचं चलान म्हणून येते, आपण उघडतो, ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण कुणाचं लग्न आहे बघायच्या नादात "अलाऊ, अलाऊ" करत जातो. झालं, यापुढचा प्रत्येक ओटीपी तुमच्या आधी त्याला. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते, पत्रिकेला इन्स्टॉल करावं लागत नाही.

बँकांचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्ड पेमेंटला दुसरा पुरावा सक्तीचा केला, तेव्हा साध्या बटणांच्या फोनवरही पोचेल असा एसएमएसच होता. त्या सक्तीला नावं ठेवू नका, परदेशातल्या कित्येक साइटवर आजही कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जातात, आणि म्हणून तुमच्या कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बंद करून ठेवा, लागतील तेव्हा चालू करा. यूपीआयला ओटीपी नसतो म्हणून काही जण घाबरतात, पण तिथे सुरुवातीलाच तुमच्या सिमवरून एसएमएस जाऊन तो फोन खात्याला बांधला जातो, ती झाली वस्तू, आणि पिन झाली माहिती. दोन झाले की नाही?

थोडक्यात बँकेत एसएमएसला पर्याय नसेल तर नसू दे, पण ईमेल, फेसबुक, इन्स्टा, जिथे ऑथेंटिकेटर चालतो तिथे तोच लावा. आणि काहीच नसण्यापेक्षा एसएमएस केव्हाही बरा, "कच्चा आहे म्हणे" म्हणून बंद करून बसू नका.

प्रश्न – इथे आल्यापासून भारतातल्या बँकेचे ओटीपी येत नाहीत म्हणून खात्याला सातारा रोडच्या आमच्या बाबांचा नंबर लावलाय. ओटीपी आला की ते फोन करून सांगतात. ठीक आहे ना? (न्यू जर्सी)

ठीक नाहीये. तुम्ही बाबांना एक सवय लावलीत, ओटीपी आला की तो फोनवर वाचून दाखवायचा. उद्या बँकेतून बोलतोय म्हणून कुणी फोन केला तर ते तेच करणार, आणि तुमचाच मित्र आहे असं सांगितलं तर जरा जास्तच प्रेमाने करणार.

तुमचं भारतातलं सिम जिवंत ठेवा, रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्ज चुकवू नका, नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला दिला जातो, मग तुमचे ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाकडे. नाहीतर बँकेला एनआरआय खात्यावर अमेरिकेचा नंबर लावून घेतात का विचारा, बऱ्याच घेतात. २०२३ मध्ये अमेरिकेसह दहा देशांतल्या नंबरांवर एनआरई-एनआरओ या एनआरआय खात्यांना यूपीआयचीही सोय सुरू झाली.

प्रश्न – "हे तुम्हीच साइन इन करताय का?" असं रात्री अडीचला दहा वेळा आलं. शेवटी झोपमोड होते म्हणून "हो" दाबलं. काही होतं का? (नागपूर)

होतं. तुमचा पासवर्ड कुणाकडे तरी आहे आणि तुम्ही आत्ताच त्याला दार उघडून दिलंत. २०२२ च्या सप्टेंबरात उबर कंपनीत चोर याच वाटेने शिरला, एका कंत्राटी माणसाला नोटिफिकेशनचा भडिमार केला, त्याने एकदा "हो" दाबलं. हे वाचून होताच पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा. यापुढे "नाही" दाबा आणि फोन सायलेंट.

प्रश्न – बँकेसारखीच दिसणारी खोटी वेबसाइट असेल आणि मी तिथे स्वतःच कोड टाकला तर? (पणजी)

तर गेला. खोट्या साइटच्या मागे प्रोग्रॅम बसलेला असतो, तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि कोड त्याच तीस सेकंदांत खऱ्या साइटवर टाकतो. एसएमएस असो की ऑथेंटिकेटर, माणसाने वाचून टाइप करायचा कोड हा असा पळवता येतोच. यावर उतारा म्हणजे पासकी, पासवर्डऐवजी फोनमध्येच राहणारी गुप्त किल्ली, गुगलने मे २०२३ पासून सगळ्यांना दिलीय. त्यात टाइप करायला काही नसतं, फोनच साइटचा पत्ता तपासतो आणि पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी किल्ली बाहेर काढत नाही. आपले डोळे फसतात, तो नाही फसत. पासकीच्या आधी हेच काम यूएसबीची छोटी किल्ली करायची, गुगलने आपल्या ८५ हजारांवर कर्मचाऱ्यांना ती सक्तीची केली आणि २०१८ मध्ये सांगितलं की तेव्हापासून एकाचंही ऑफिसचं खातं असं फसवून गेलेलं नाही. जिथे "पासकी तयार करा" दिसेल तिथे करून टाका.

प्रश्न – फोनच हरवला तर आपणच बाहेर राहणार ना? या एका भीतीपोटी मी काहीच चालू केलेलं नाही. (कोल्हापूर)

भीती खरी आहे, मी स्वतः बाहेर राहून आलोय. रंकाळ्यावर बाइकवरून उतरताना शर्टाच्या खिशातून फोन पडला तो गेलाच. नवा फोन घेतला, सिम दुसऱ्या दिवशी मिळालं, ईमेल उघडायला गेलो तर ऑथेंटिकेटरचा कोड मागतोय, आणि तो जुन्या फोनमध्ये. हरकत नाही म्हटलं, असल्या वेळेसाठी बॅकअप कोड काढून ठेवलेत आपण. कुठे ठेवलेत? त्याच ईमेलच्या ड्राफ्टमध्ये. कपाटाची किल्ली कपाटात! लोकांना शहाणपण शिकवणारा माणूस पुढचे चार दिवस गुगलचा रिकव्हरी फॉर्म भरत बसला होता.

तर गुगल दहा कोड देतं, प्रत्येक आठ आकडी, एक कोड एकदाच चालतो. सिक्युरिटीमध्ये टू-स्टेपच्या खाली बॅकअप कोड म्हणून आहेत. नवे दहा काढले की जुने सगळे बाद, त्यामुळे घरात दोन कागद असतील तर जुना फाडून टाका. ऑथेंटिकेटरमधले कोडही गुगल खात्यात सिंक करता येतात, एप्रिल २०२३ पासून, पण मग ते खातं जास्तच जपावं लागतं. घरात जुना चालू फोन असेल तर त्याच क्यूआरने त्यावरही ऑथेंटिकेटर लावून ठेवता येतो, क्यूआर समोर आहे तोवरच दोन्ही फोनवर स्कॅन करायचा.

आता मी आईचे आणि माझे दोघांचेही कोड प्रिंट काढून ठेवलेत. प्रिंट आईच्या हातात दिली तर तिने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, "हे काय रे, लॉटरीचे नंबर?" समजावून सांगितल्यावर तिने तो कागद घडी करून रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला, वर पेनाने "मेलचे" असं लिहिलं. आम्ही तीन वेळा घर बदललं पण ती पिशवी कधी हरवली नाही. मध्ये तिचा फोन दुरुस्तीला गेला तेव्हा मला न विचारता तिने शेजारच्या मुलीच्या लॅपटॉपवर स्वतःच मेल उघडला, काम झाल्यावर लॉगआउट केलं आणि घरी येऊन वापरलेल्या कोडावर काट मारली. नऊ उरलेत.